धाकटीला मिळालं ते

माझी धाकटी बहीण जागी झाली ती दोन हजार तीन साली, गोंदियातल्या एका मंगल कार्यालयात, दुपारच्या जेवणानंतर. 'जागी झाली' हा शब्द तिचाच. मी तेव्हा पस्तिशीला आले होते आणि शाळकरी वयापासून रोज पहाटे वडिलांशेजारी डोळे मिटून बसत होते. मला तसलं काही कधी झालं नव्हतं.

आमचं घर गोंदियाच्या एका टोकाला, मुर्रीला. वडील रेल्वेतून रिटायर झालेले. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून घरात पहाटेची वंदना कधी चुकली नाही. त्रिशरण, पंचशील झालं की वडील भिंतीला पाठ न टेकवता बसायचे आणि श्वासाकडे लक्ष द्यायचे. मीही शेजारी बसायची. ते कधी काही शिकवायचे नाहीत. एकदाच म्हणाले होते, "श्वास येऊन राहिला, जाऊन राहिला, एवढंच पाहायचं. बाकी काही मागायचं नाही." मी मात्र मनातल्या मनात मागायची. वडिलांच्या चेहऱ्यावर उठताना जी शांतता असायची ती एक दिवस माझ्याही चेहऱ्यावर येईल, आणि ती आली की वडिलांना ती दिसेल, असं मला वाटायचं.

आई मी डी.एड.ला असतानाच गेली. मला जवळच्याच गोरेगाव तालुक्यात शाळा मिळाली. सकाळी एस.टी.नं जायचं, दुपारी परत यायचं. स्थळं आली आणि गेली. पुढे येणंही थांबलं. घरात वडील आणि मी उरलो.

धाकटी नव्याण्णव साली लग्न करून गेली. मुलगा पोवार घरातला, गोंदियात मोटारसायकलच्या सामानाचं दुकान असलेला. वडिलांचं म्हणणं असं, की जातीचं मला काही नाही, पण तिनं न सांगता अग्नीभोवती फेरे घेतले. तिच्या आजोबांनी जे सोडलं ते ही पुन्हा जाऊन करून आली. त्यानंतर घरात तिचा विषय निघाला नाही. ती फुलचूरला राहायची, म्हणजे शहराच्या दुसऱ्या टोकाला, सायकलनंही जाता येईल इतक्या अंतरावर. चार वर्षं ती आली नाही आणि वडिलांनी बोलावलं नाही. मला ती कधीतरी बाजारात भेटायची. बाबा कसे आहेत विचारायची. मी बरे आहेत म्हणायची. दोघी आपापल्या वाटेनं जायचो.

मग तो फोन आला. रविवारची दुपार होती. मी उचलला. तिकडे खूप गलका होता, कोणीतरी रडत होतं, कोणी हिंदीत 'जल्दी करो भाई, लाइन में लोग हैं' म्हणत होतं.

"ताई, बाबाले फोन दे," ती म्हणाली.

मी विचारलं, काय झालं, कुठून बोलतेस. ती पुन्हा तेच म्हणाली. आवाज रडका होता, पण घाबरलेला नव्हता. मी वडिलांना हाक मारली. त्यांनी रिसीव्हर कानाला लावला आणि बराच वेळ नुसतं ऐकलं. तिकडून ती काय म्हणाली ते मला आजही माहीत नाही. वडील शेवटी एवढंच म्हणाले, "ये."

ती तासाभरात आली. नवऱ्याच्या मोटारसायकलवर मागे बसून, छातीवर नावाचा बिल्ला तसाच लावलेला. वडील ओसरीत उभे होते. तिनं त्यांचे पाय धरले आणि ती रडली. वडिलांनी वाकून तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो हात तिथेच राहू दिला. मी आत जाऊन चहा ठेवला. चहा उकळून गेला तरी मी गॅस बंद केला नाही. वडिलांनी माझ्या डोक्यावर असा हात कधी ठेवला होता, हे मी आठवत होते. मला आठवलं नाही.

नंतर चहा घेताना तिनं सगळं सांगितलं. नवऱ्याच्या एका गिऱ्हाइकानं पास दिला म्हणून ती मंगल कार्यालयात भरलेल्या एका शिबिराला गेली होती. नागपूरहून एक सर आले होते. ते म्हणाले, तुम्ही ज्याच्याशी बोलणं सोडलं आहे त्याला आत्ता, या सुट्टीत फोन लावा. जेवण झाल्यावर सगळा हॉल रस्त्यापलीकडच्या पीसीओसमोर उभा राहिला. रांगेत उभी असतानाच तिला छातीतून काहीतरी सुटल्यासारखं झालं. झाडं, रिक्षा, पानठेल्यावरची माणसं, सगळं धुऊन काढल्यासारखं दिसायला लागलं. कुणाचाच राग येईना.

"ताई, मी जागी झाली," ती मला म्हणाली. "इतके दिवस मी झोपून राहिली होती."

मी म्हटलं, "छान झालं."

पुढचे चार महिने ती खरंच बदललेली होती. ते मी नाकारू शकत नाही, आणि नाकारता आलं असतं तर मला फार बरं वाटलं असतं. मी तिच्यात खोट शोधत होते. लहानपणापासूनची ती भडक डोक्याची पोर. भाकरी करपली तरी तवा आपटणारी. आता ती आली की शेजारणी यायच्या, तिच्याजवळ बसायच्या, आपली रडगाणी सांगायच्या. ती मध्ये बोलायची नाही. एका म्हातारीनं तिला आपल्या सुनेबद्दल दुपारभर ऐकवलं, आणि जाताना म्हणाली, "बाई, तुझ्याजवळ बसलं की हलकं वाटते." ती म्हातारी आमच्या भिंतीला लागून राहणारी. माझ्याजवळ ती कधी अशी बसली नव्हती.

मग विहारात तिला बोलायला सांगितलं. आमच्या विहारात दर पौर्णिमेला वंदना मी म्हणवून घेत असे. मी शाळेतली बाई, उच्चार स्वच्छ, सगळ्या गाथा पाठ. कोणी कधी वाखाणलं नाही, कारण कोणाला तसं वाटायचं कारण नव्हतं. नळाला पाणी येतं तशी मी दर पौर्णिमेला यायची. त्या पौर्णिमेला धाकटी उभी राहिली. तिला एक गाथा धड येत नव्हती. तिनं फक्त सांगितलं, की चार वर्षं माझे बाबा इथून एवढ्या जवळ होते आणि मी त्यांना मेल्यासारखं धरून चालले होते. बाया पदरानं डोळे पुसत होत्या. वडील पुढच्या रांगेत बसले होते, ताठ, आणि त्यांचा चेहरा मी रोज पहाटे पाहायची तसा होता. फक्त पहाटे त्या चेहऱ्याचं कारण मला ठाऊक नसायचं. आज ते दिसत होतं. मी सतरंजीची निघालेली एक दशी ओढत बसले.

मी घरी येताना वडिलांना म्हणाले, की हे असं पैसे भरून, हॉलमध्ये बसून, टाळ्या वाजवून ज्ञान मिळत असतं तर राजपुत्राला घर सोडून रानात जायची गरज नव्हती. वडील चालत राहिले. घराजवळ आल्यावर म्हणाले, "तूही एकदा जाऊन पाहून घे."

हे मला विहारातल्या सगळ्या अश्रूंपेक्षा जास्त लागलं. इतकी वर्षं शेजारी बसलेल्या मुलीला त्यांनी दुसरीकडे जायला सांगितलं होतं.

मी गेले. हिवाळ्यात पुन्हा तेच शिबिर होतं, त्याच कार्यालयात. धाकटी आता तिथं स्वयंसेवक होती. दारातच मला बिल्ला लावून देणारी तीच. तिनं मला मिठी मारली, आणि कानात म्हणाली, "ताई, काहीच धरून ठेवू नको." मला तिच्या त्या मऊ आवाजाचा राग आला.

सर चाळिशीचे होते, पांढरा सदरा, हातात माइक, बोलणं हिंदीत. बोलायचे चांगलं. मी शिक्षिका आहे, वर्ग कसा धरतात ते मला कळतं, आणि त्यांनी तो धरला होता. दुसऱ्या दिवशी खिडक्यांचे पडदे ओढले, बासरीची कॅसेट लावली आणि सगळ्यांना डोळे मिटायला सांगितले. आपली आई तरुण आहे, आपण तिच्या मांडीवर आहोत, असं डोळ्यांसमोर आणा, म्हणाले. थोड्याच वेळात हुंदके सुरू झाले. माझ्या डावीकडे बसलेला धान्याचा व्यापारी, चांगला दणकट माणूस, पोरासारखा रडायला लागला. मी आई आणायचा प्रयत्न केला. मला तिचं दवाखान्यातलं लुगडं दिसलं, तिच्या पायावरची सूज दिसली, आणि त्यापुढे काही येईना. सवयीनं मी श्वासाकडे गेले. श्वास येत होता, जात होता. डोळे कोरडे.

धाकटी रांगांमधून कागदी रुमाल वाटत फिरत होती. माझ्यासमोर आली ते पावलांवरून कळलं. ती थांबली. मी डोळे उघडले. तिचा हात पुढे होता आणि ती माझ्या गालांकडे पाहत होती. मी तो रुमाल घेतला आणि कोरड्या डोळ्यांना लावला. ती समाधानानं पुढे गेली.

संध्याकाळी सरांनी मला उभं केलं. "मैडम, आप क्या पकड़े बैठी हैं?" मी म्हटलं, कुछ नहीं. ते हसले आणि हॉलकडे वळून म्हणाले, जो सबसे कसके पकड़ता है, वही कहता है कुछ नहीं. टाळ्या पडल्या. धाकटीही वाजवत होती.

पण शेवटच्या दिवशी, रविवारी, काहीतरी झालं, तेही सांगायला हवं. निरोपाला सगळे एकमेकांना भेटत होते. एक अनोळखी बाई, छत्तीसगडकडची असावी बोलण्यावरून, माझ्यापुढे आली आणि तिनं मला जवळ घेतलं. तिच्या अंगाला हळदीचा आणि घामाचा वास होता. ती सोडेना, आणि मग मलाही सोडावंसं वाटेना. माझ्या आत काहीतरी सैल झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी एस.टी.तून शाळेला जाताना कापणी झालेली धानाची शेतं दिसत होती, त्यांच्या बांध्यांमध्ये बगळे उतरत होते, आणि मला वाटत होतं की हे सगळं माझंच आहे आणि मला त्यातलं काही नको आहे. कंडक्टर सुट्ट्या पैशांवरून खेकसला तर मला त्याची माया आली. वर्गात पोरांनी गोंधळ घातला आणि मी हसत राहिले.

हे बुधवारपर्यंत टिकलं. बुधवारी हेडमास्तरांनी माझ्या वर्गाची खोली न विचारता दुसऱ्या वर्गाला दिली, आणि मी स्टाफरूममध्ये असं काही बोलले की शिपाई दारातून मागे फिरला. संध्याकाळी घरी आले तेव्हा आत सगळं पूर्वीसारखं होतं. मी पहिला विचार काय केला असेल तर हा, की तिचं चार महिने टिकलं आहे आणि माझं बुधवारपर्यंत.

वडिलांनी विचारलं, कसं होतं. मी म्हटलं, ठीक होतं.

धाकटीचंही उतरायला लागलं. मी ते शाळेच्या निकालासारखं पाहत होते. उतरतंय हे तिच्याआधी मला कळलं. ती पुढच्या पातळीच्या शिबिराला नागपूरला गेली, मग त्याच्या पुढच्याला रायपूरला. परत आली की आठवडाभर तेज असायचं, मग चेहरा सुकायचा, मग पुन्हा पुढचं शिबिर. बोलण्यातून मऊपणा जाऊन त्यातले शब्द तेवढे उरले. कोणी काही सांगायला लागलं की ती पूर्वीसारखी ऐकायची नाही, तू हे शिबिर कर म्हणायची. भिंतीपलीकडची म्हातारी एकदा मला म्हणाली, "तुझी बहीण आता माझं नाई ऐकत, मलेच शिकवते." म्हातारी त्या दिवशी माझ्याजवळ बसली. मी तिला दोनदा चहा दिला.

आणि मग एका रविवारी ती फुटली. ती आणि तिचा नवरा जेवायला आले होते. जेवताना नवरा नुसतं म्हणाला, की दुकानात आता मदतीला कोणी नाही, हिनं पुढच्या महिन्यात पुन्हा रायपूरच्या शिबिराला जाऊ नये. तिनं ताट सरकवलं. मग त्याला, तिथं नसलेल्या त्याच्या आईला, मला, असं एकेकाला धरून बोलली. मला म्हणाली, "तू तर मी कधी पडते त्याचीच वाट पाहून राहिली होती." ते खरंच होतं. दार आपटून ती गेली. मागोमाग नवरा गेला.

मला आनंद झाला. मी भांडी गोळा करत होते आणि हात हलके झाले होते. वडील अजून ताटावर होते. मी म्हणाले, "पाहिलं ना बाबा? शेवटी होती तशीच राहिली."

वडिलांनी पाण्याचा पेला ठेवला.

"भांडली त भांडली," ते म्हणाले. "घरात येऊन भांडली ना."

मी भांडी घेऊन मोरीवर गेले.

ती पुढच्या रविवारी पुन्हा आली, फुगलेल्या तोंडानं. त्याच्या पुढच्या रविवारीही आली. रायपूरला गेली नाही. हळूहळू शिबिरं सुटली. नागपूरचे ते सर पुढे गोंदियाला येईनासे झाले. त्यांचं काय झालं ते आम्हाला कळलं नाही. मंगल कार्यालयात दुसऱ्या कुणाची दुसरी शिबिरं भरू लागली, रस्त्यावर त्यांचे फलक लागायचे. धाकटी मोटारसायकलवरून त्याखालून जायची आणि वर पाहायची नाही.

दोन हजार अकराच्या पावसाळ्यानंतर वडिलांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, बोलणं तुटक झालं. मी सकाळी शाळेला जायची तेव्हा धाकटी फुलचूरहून यायची आणि मी परतेपर्यंत थांबायची. ती वडिलांना पुसायची, कूस बदलून द्यायची, भरवायची. यात कुठलंही तेज नव्हतं. ती कुरकुरत करायची. "बाबा, तोंड उघडा ना, कायले हट्ट करून राहिले," असं मोठ्यानं बोलायची. मी करायची तेव्हा एक शब्द न बोलता, नीट, स्वच्छ करायची. पण मी भरवताना वडील दाराकडे पाहायचे, आणि ती दिसली की डाव्या हाताची बोटं चादरीवर हलायची. हे मी रोज पाहिलं. पहाटे मी अजूनही त्यांच्या खाटेशेजारी बसत असे, त्यांना ऐकू जाईल अशी वंदना म्हणत असे. त्यात ते डोळे मिटून घ्यायचे. बोटं हलायची नाहीत.

एका सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघी ओसरीत तांदूळ निवडत बसलो होतो. वडील आत झोपले होते. तिनं विचारलं, "ताई, तू पहाटे बसते तेव्हा तुले का होते?"

मी खरं सांगितलं. "काही नाही. गुडघे दुखतात."

ती हसली. "मंग काऊन बसते?"

"सवय आहे."

"मले सवय नाई लागली," ती म्हणाली. "मले एकदम पाहिजे होतं."

मी मग तिला विचारलं, जे इतकी वर्षं विचारायचं होतं. तेव्हा तुला झालं होतं ते खरं होतं की त्या गर्दीचं, त्या बासरीचं काही होतं?

ती सुपातले खडे बोटानं बाजूला करत राहिली. "खरं होतं," ती म्हणाली. "खोटं असतं त मी दुसऱ्यांदा कायले गेली असती? तेच वापस पाहिजे म्हणून जात होती. मिळालं नाई. तुले सांगते, ते गेलं तवा मले बाबा बोलत नव्हते त्याच्यापेक्षा जास्त वाईट वाटलं." मग म्हणाली, "पण मी रांगेत उभी राहिली आणि फोन लावला. तेवढं नाई गेलं."

तिनं जे सांगितलं त्यावर मी पुष्कळदा विचार केला आहे. माझ्या प्रश्नाचं उत्तर त्यातच असावं. हॉलमधला उजेड राहत नाही, तिचाही राहिला नाही, माझाही नाही, आणि मी पाहिलेल्यांपैकी कुणाचाच नाही. त्या उजेडात माणूस जे करून बसतो ते मात्र मागं घेता येत नाही. मला एवढं कळतं. पण कळल्यानं काही शमलं नाही. तिनं त्या उजेडात वडिलांना फोन लावला. मी कंडक्टरवर माया केली.

वडील पुढच्या उन्हाळ्यात गेले. दुपारी, ती पाणी पाजत असताना. मी शाळेत होते. निरोप आला तेव्हा मी मुलांना भागाकार शिकवत होते. पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे गेलेल्यासाठी करायच्या वंदनेच्या, दिवशी विहारातल्या बाया तिला म्हणत होत्या, तू खूप केलं. मलाही म्हणाल्या, पण माझं नंतर.

आता ती दर आठवड्याला येते. आम्ही भांडतो. मी भाजीत तेल कमी टाकते यावरून, घराचा मागचा भाग पाडायचा की नाही यावरून. पहाटे मी अजून बसते, एकटी. गुडघे जास्त दुखतात म्हणून आता खुर्चीवर.

मागच्या वर्षी आमच्या शाळेतली एक तरुण शिक्षिका असल्याच एका शिबिराहून आली. तिच्या चेहऱ्यावर तेच होतं, मी लांबूनही ओळखलं. स्टाफरूममध्ये ती सगळ्यांशी प्रेमानं बोलत होती. मधल्या सुट्टीत ती माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "मॅडम, हे टिकते का?" कुणीतरी तिला सांगितलं असावं की बाई ध्यान करतात, बाईंना विचार.

मी नाही म्हणाले. तिचा चेहरा पडला. मग मी म्हणाले, टिकेल तोवर जे करायची एरवी हिंमत होत नाही ते करून घे, आजच. सासू माहेरी जाऊ देत नाही, तिच्याशी बोलून जायचं आहे, असं ती म्हणाली. मग तिनं अर्ध्या दिवसाची रजा टाकली, स्कूटी काढली आणि गेली.

मी तिचा वर्ग घेतला. पोरं विचारत होती, बाई कुठं गेल्या. मी फळ्यावर गणित लिहीत होते, आणि मला त्या मुलीचा इतका हेवा वाटत होता की खडू दोनदा मोडला.